आमच्या मुलखातली माणसं

वडील निजामाच्या मुलखातून कोल्हापुरात आले तेव्हा महाराजांची शाहूपुरी नुकती वसत होती. त्यांनी तिथं लुगड्यांचं दुकान टाकलं, घर बांधलं, आम्हां भावंडांचे जन्मही तिथंच झाले. तरी "आमच्या मुलखात" असं म्हटल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. मुलखातलं पाणी गोड, मुलखातली माणसं देव. हे देव सोडून इथं कशाला आलात, असं विचारायची सोय नव्हती. दुष्काळानं हाकललं होतं, हे आईनंच एकदा चुलीपुढं सांगून टाकलं.

शेजारची म्हातारी आम्हांला पावणंच म्हणे. मी तिच्या अंगणात रांगले, तिच्या सुनेकडून भाकरी थापायला शिकले, तरी पावणं!

मी लग्नाची झाले तेव्हा मुलखातून सोयरे मला बघायला आले. जेवता जेवता मुलाच्या बापानं आमच्या आईवडलांच्या तेलुगूत विचारलं, घरकाम येतं का? कळलं सगळं, पण तोंडातून मराठीच निघालं, "व्हय की, समदं येतंय."

ताटात झुरळ पडल्यासारखं त्यानं तोंड केलं. "ही आपली राहिली नाही," तो वडिलांना म्हणाला, आणि माझ्याच हातच्या आमटीसाठी वाटी पुढं केली. वडील हात जोडून म्हणू लागले, "शिकवतो, लवकरच शिकवतो."

परक्या पुरुषापुढं कधी न येणारी आई तेव्हा बाहेर आली. मोडक्यातोडक्या मराठीत, मुद्दाम मराठीतच, म्हणाली, "माझी पोरगी हितलीच हाय. तुमाला पायजे तसली तिकडं बगा." आणि वाटी उचलून घेतली.

सोयरे फणकाऱ्यानं निघून गेले. तिन्हीसांजेला म्हातारी समाचाराला आली. "पोरगी गुणाची हाय गं. आमच्यातली असती तर नातवाला केली असती." वर ही मेहेरबानी! ते देव बरे की ही शेजारीण, मला ठरवता येईना.

पुढं इचलकरंजीच्या एका विणकराशी माझं लग्न ठरलं. जात आमचीच, पण त्याच्या घरात कानडी. वडिलांनी हट्ट धरला, लग्न मुलखाच्या रीतीनंच झालं पाहिजे. ती रीत नेमकी कशी, हे त्यांना आठवेना, भटजींना ठाऊक नव्हती. शेवटी सगळं चारचौघांसारखं, कोल्हापुरी थाटात उरकलं. आणि वडील मांडवभर सांगत फिरले, "आमच्या मुलखात अगदी अस्संच असतं!"