भय्यासाहेबांची टेकडी

भय्यासाहेब म्हणजे माझ्या अहल्याआत्याचे यजमान. बँकेतून रिटायर झाले तरी स्वतःला अजून शिंद्यांचे सरदार समजतात. खापरपणजोबा दरबारात कारकून होते. पण कारकून म्हटलेलं त्यांना खपत नाही, 'दरबारी' म्हणायचं. हा दरबार उज्जैनला फ्रीगंजच्या तीन खोल्यांत रोज भरतो आणि चहा आत्या करते.

या गृहस्थांच्या नावावर एकच पराक्रम जमा आहे, तोही त्यांच्याच तोंडून ऐकलेला. कार्तिकात आमच्या मराठी मंडळाचं आवळीभोजन शहराबाहेर पवनचक्क्यांच्या उघड्या माळावर असतं. बायका आवळ्याखाली बाफले, म्हणजे कणकेचे उकडलेले गोळे, गोवऱ्यांवर भाजतात. पुरुष टेकडी चढायला निघतात आणि अर्ध्यावरच धापा टाकत बसतात. भय्यासाहेब तेवढे पुढे जातात. मग खाली येऊन तुपात बाफला कुस्करत ऐकवतात, "माळावरची सगळ्यात उंच टेकडी! वरून महाकालाचं शिखर एकदम साफ दिसतं. मी तर तिथूनच हात जोडतो."

आत्या हे खरं धरून बसली होती. हल्लीच्या गर्दीत देवळाच्या रांगेत उभं राहणं तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. दर्शन सुटलं म्हणून ती कुढते. टेकडी निदान बसत-उठत तरी चढता येते.

यंदा बाफल्यांना आचारी लावला आणि बायका मोकळ्या झाल्या. आत्याने पदर खोचला. भय्यासाहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं.

"अगं, वारा किती तेज आहे! बेकार जिद्द करू नकोस."

"निहारिका आहे ना सोबत," आत्या माझ्याकडे बघत म्हणाली.

"तुम्हीही चला की," मी म्हटलं. तेवढ्यात त्यांची कंबर धरली.

आम्ही निघालो. वर जावं तसा वारा नुसता ढकलत होता. आत्या दर थोड्या वेळाने दगडावर टेकायची, गुडघे चोळायची आणि पुन्हा उठायची. तक्रार एकदाही केली नाही.

माथ्यावर पोहोचलो आणि बघतो तर उज्जैनच्या बाजूला दुसऱ्या टेकडीची लांबच लांब कड आडवी. शिखर राहू दे, शहराचं एक घरसुद्धा दिसेना. हा माणूस इथे कधी आलाच नव्हता. मला असा संताप आला! इतकी वर्षं त्याच्या थापा आम्ही तुपासकट वाढून घेतल्या.

आत्याचे डोळे भरून आले होते.

"दिशा तर हीच ना?" तिने विचारलं आणि कडेकडे तोंड करून हात जोडले. मग खाली बसली. केस सुटून तोंडावर येत होते, ते तिने आवरलेही नाहीत. मी चल म्हटलं, तर म्हणाली, "थांब गं. काय हवा आहे!"

खाली आलो तेव्हा पंगत बसली होती. आत्याने तोंड उघडायच्या आत भय्यासाहेब मोठ्याने म्हणाले, "दिसलं ना शिखर? मी काय सांगत होतो!"

"नाही दिसलं," आत्या सगळ्यांदेखत म्हणाली. "मध्ये दुसरी टेकडी येते. पण हवा फार सुंदर आहे. तुम्ही एकदा जाऊन या."