वीतभर मातीखालचा खडक

नानासाहेबांना गोल्फची किळस होती आणि आठवड्यातून चार दिवस ते गोल्फ खेळायला जात. माणसाला कशाकशाचा हट्ट लागेल याचा काही नेम नाही.

बिडकीनकडची त्यांची अकरा एकर जमीन गेली आणि तिथं कारखान्यांच्या साहेबलोकांसाठी गोल्फचं मैदान झालं. जमीन देणाऱ्या सात जणांना क्लबनं फुकट सभासद करून घेतलं. त्यात मेख अशी होती, की दोन वर्षांत परीक्षा पास व्हायची. नऊ होल साठ फटक्यांत संपवायचे. नाही जमलं तर बोर्डावरचं नाव पुसलं जाणार, आणि मग स्वतःच्या रानात पाय टाकायला गेटवरच्या वॉचमनची परवानगी घ्यावी लागणार. सहा जण पहिल्याच महिन्यात "आपल्याच्यानं नाय व्हायचं" म्हणून मोकळे झाले. नानासाहेब मात्र पेटले. ज्या बांधावर बापानं जीव सोडला, तिथं जायला आपण वॉचमनला विचारायचं?

सभासदत्वाचे कागद घेऊन क्लबचा माणूस शहरात, सिडकोतल्या नव्या घरी आला होता. नानासाहेब तेव्हा गावचे सरपंच. त्यानं जिथं जिथं बोट ठेवलं तिथं तिथं त्यांनी सही ठोकली. सह्या करायची त्यांना सवय होती, वाचायची नव्हती.

मग शिकवणी सुरू झाली. औरंगपुऱ्यातून पांढरी टोपी आली, पुण्याहून खिळ्यांचे बूट आले आणि विश्वजीत नावाचा तिशीतला गुरूही पुण्याहूनच आला. गच्चीवर जाळी बांधली. हातमोज्याला एक बटण चिकटवलं, ते म्हणे मनगटाचा हिशोब मोबाइलला कळवायचं. मोबाइलवर नानासाहेब संथपणे काठी फिरवताना दिसत, अंगावर लाल-पिवळ्या रेघा ओढलेल्या. त्यात त्यांचं पोटच तेवढं स्पष्ट दिसे. सहा महिने झाले, वर्ष झालं. बॉल कधी बाभळीत जाई, कधी दहा पावलं घरंगळून थांबे. पालथ्या घड्यावर पाणी.

"सर, तुमचं सगळं बरोबर आहे," विश्वजीत पडद्यावर बोट ठेवून म्हणे. "फक्त शेवटच्या क्षणी तुम्ही हात आखडता. काठी बॉलला लागून खाली जमिनीत गेली पाहिजे. गवताचा तुकडा उडाला पाहिजे. तुम्ही जमिनीला घाबरता."

जमिनीला घाबरतो म्हणे. तीस वर्षं ती जमीन कसलेल्या माणसाला हे त्या पोरानं सांगावं, याचा नानासाहेबांना इतका संताप येई की पुढचे दहा फटके आणखीच वाकडे जात.

त्यात तो उन्हाळा. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलेलं. सिडकोत पाचव्या दिवशी नळ येई, आणि तेवढ्यासाठी दगडाबाई, म्हणजे त्यांची बायको, पहाटे चारला उठून बादल्या मांडून बसत. आणि इकडं मैदानावर भर दुपारी फवारे चालू. ते हिरवंगार बघून नानासाहेबांना किळस येई. तरी ते त्याच्यावर उभे राहत, टोपी नीट करत, आणि हात आखडत. किळस गवताची जास्त होती की स्वतःची, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

राहिली होती ती गावाकडची दोन एकर मोसंबी, दगडाबाईंच्या जिवाचा तुकडा. मार्चमध्येच त्यांनी सांगितलं होतं, "तळं आटलंय. त्याचा गाळ आणून झाडाच्या बुडाला घाला, वल धरंल. बाकीचं मी बघते." नानासाहेब परीक्षेच्या नादात होते. महिन्यानं गेले, तर तळ्याचा तळ खरवडून मुरूम लागलेला. कुणी म्हणालं, गाळ सरकारनं रस्त्याच्या भरावाला नेला. नानासाहेबांनी सरकारला यथेच्छ शिव्या घातल्या आणि घरी परतले. मोसंबी वाळली.

परीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात होती. बॅग उचलायला त्रिंबक होता. हा मूळचा मेंढरांचा माणूस. पूर्वी दर उन्हाळ्यात खतासाठी त्याचा कळप नानासाहेबांच्या याच रानात बसायचा. यंदा चारा संपला तशी मेंढरं विकली, आणि पन्नाशीत त्रिंबक दुसऱ्यांच्या काठ्या वाहू लागला.

आठ होल रडतखडत झाले. नवव्यावर पाच फटके उरले आणि झेंडा अजून दीडशे पावलांवर. विश्वजीत लांब वही घेऊन उभा. नानासाहेबांना पाच सोडा, दहाही पुरले नसते. त्यांनी काठी उचलली आणि खाली ठेवली.

"नाना, एक बोलू का?" त्रिंबक म्हणाला. "तुमी खडक लागंल म्हणून हात आखडता."

खरंच होतं. या बरडात वीतभर मातीखाली काळा खडक. पूर्वी इथं मोसंबीसाठी खड्डे घेताना कुदळ त्यावर आदळायची आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या जायच्या. दोन फाळ मोडले होते त्यांनी इथं. डोकं विसरलं होतं, हात विसरले नव्हते.

"पर खडक आता कुठं लागतोय," त्रिंबक म्हणाला. "मार्चात मैदान बंद व्हतं, तवा गवत उचलून खाली दोन हात गाळ टाकलाय की."

"कुठला गाळ?"

"आपल्या तळ्यातला. लई टॅक्टर लागले व्हते."

"तो सरकारनं नेला."

"नाय वो. मी मेंढरं आडवी घातली व्हती टॅक्टरला. तवा डायवरानं कागद दावला. त्याच्यावर तुमचीच सही व्हती. मंग मीच मेंढरं बाजूला घेतली. म्हनलं, नानानं दिलाय तर काय तरी इचार करूनच दिला आसंल."

त्रिंबक टोमणा मारत नव्हता. तेच जास्त लागलं. क्लबची चीड, त्या फवाऱ्यांची चीड, आणि कागदावर ठोकलेल्या स्वतःच्या सहीची शिसारी, सगळं एकदम हातात उतरलं. समोर बॉल आहे हेही ते विसरले. त्यांनी त्या जमिनीवर घाव घातला.

काठी खोल गेली. गवताचा तळहाताएवढा तुकडा उडाला आणि बॉल सरळ जाऊन झेंड्याशेजारी पडला. पुढचे दोन फटके कुणीही मारले असते. विश्वजीत धावत आला. "सर, हेच तर मी दोन वर्षं सांगत होतो." नानासाहेबांनी पास झाल्याचं कार्ड घेतलं आणि हस्तांदोलनाला पुढं केलेला हात तसाच सोडून ते गाडीकडं गेले.

घरी त्यांनी बूट गॅलरीत काढले. दगडाबाईंनी एक उचलला, खिळ्यांत अडकलेली काळी माती बोटानं काढली आणि वास घेतला. त्या तळ्यावर त्यांनी वीस वर्षं धुणं धुतलं होतं.

"ही आपल्या तळ्याची हाय. कुठं घावली?"

"मैदानावर हाय," नानासाहेब म्हणाले. "दोन हात जाड. मीच सही केली. वाचलं नव्हतं."

दगडाबाई आत जाऊन चमचा घेऊन आल्या. कढीपत्त्याच्या कुंडीवर बूट पालथा धरला आणि एकेका खिळ्यामधला गाळ खरवडून कुंडीत पाडला. मूठभरही भरला नाही. टेबलावर क्लबचं कार्ड पडलं होतं, त्यावर नानासाहेबांचं नाव इंग्रजीत.

"दुसरा बूट द्या इकडं," त्या म्हणाल्या.