वानरांसाठी बाजा

माझा जुना गेम कन्सोल घरात राहणार की भंगारात जाणार, यावर आमच्याकडे रोज चर्चा होई. तीसेक वर्षांपूर्वीचं ते यंत्र मी नागपूरहून आणून दुरुस्त केलं होतं, तेही फक्त त्यातल्या आवाजाच्या चिपसाठी. गेम मला धड खेळताही येत नाही. त्या चिपमध्ये कुणी वाजवलेलं काही भरून ठेवलेलं नसतं. आवाजाची एक लहर दुसरीला धक्के देते आणि त्या धक्काबुक्कीतून तुतारी, घंटा, ढोल जन्माला येतात. हे सगळं मी बाबांना जेवताना समजावलं. बाबा निवृत्त मास्तर. शेवटचा घास संपवून ते म्हणाले, "म्हणजे खोटा बाजा."

यंदा मोहगावजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत वानरांनी उच्छाद मांडला. डबे बडवून झाले, फटाके फोडून झाले, वानरं ढिम्म. एका दुपारी मी सौसरला घरी आलो, तर यंत्राचं टेबल रिकामं. तसाच बागेत धावलो. बाबांनी यंत्र बागेतल्या मोटरच्या खोलीत नेऊन मांडववाल्याच्या भोंग्याला जोडून घेतलं होतं. खेळ सुरू होण्याआधीच्या तुताऱ्या संत्र्यांवरून घुमत होत्या आणि वानरं शेपट्या उचलून पळत होती. बाबा खूश. माझा मात्र जीव टांगणीला. ऊन, धूळ, वरखाली होणारी लाईट. ही चिप आता कुठे बनत नाही, जळली तर संपलं, असं मी गयावया करून सांगितलं. आधी संत्रा, मग तुहा बाजा, एवढंच उत्तर मिळालं.

काही दिवस दम धरला. मग पिशवी घेऊन सरळ बागेत गेलो, आज यंत्र परत न्यायचंच म्हणून. तिथे शेजारच्या बागेतले काका आधीच उभे. आमची सगळी वानरं त्यांच्याकडे गेली होती आणि ते बाजा मागून राहिले होते. आता यंत्र गावभर फिरणार, हे मी धरूनच चाललो.

बाबा म्हणाले, "नाही भाऊ. त्यातली चिप आता भेटत नाही. धूळ बसली तं पोराचा जीव जाईन."

काका गेले. मी खोलीत डोकावलो. यंत्रावर बाबांची सत्काराची शाल पांघरलेली होती. ती त्यांनी आईलाही कधी घेऊ दिली नव्हती. खाली यंत्र उकडून निघत असणार, हे सांगायचं काही माझ्याच्यानं झालं नाही. बाबांची पाठ वळल्यावर शालीचं एक टोक हळूच वर केलं, चिपला वारा लागावा म्हणून, आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आलो.