बरोबर आलेलं एकच उत्तर

"इसके पास था ही क्या, जो भूलेगी?"

माय विसरू लागलीय, एवढंच मी सांगितलं होतं. आदिलाबादचा तो डॉक्टर हसला. माय समोर स्टुलावर बसलेली. आणि मी, घरातली पहिली बी.ए., हात जोडून म्हणाले, "जी सर."

ते "जी सर" अजून सलतंय.

माय बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधायची, पुन्हा सोडायची. पीठ मळायची, चूल पेटवायचं विसरायची. दादा भडकायचा. "नाटकं करून राह्यली. काम नको तिले." तिच्या पुढचं ताट ओढायचा. मी भांडले, तर म्हणाला, "डॉक्टरनं आजार म्हणला त मानीन." म्हणून आमच्या भैंशा गावाहून बसनं आणलं होतं तिला.

डॉक्टर विचारत गेला. सौ में से सात गए, कितना? आज तारीख क्या? घड़ी बनाओ. मायनं जन्मात पहिल्यांदा पेन्सिल धरली, चुलीतलं कोलीत धरावं तशी. "पोरी, हा काऊन मले असं कराले लावून राह्यला वो?" कंपाउंडर फिसकन हसला.

"पति का नाम?"

"मारुती." सरळ. मोठ्यानं.

"शाबास! ये तो याद है."

माझ्या अंगावर काटा आला. मायनं ते नाव कधी घेतलंच नव्हतं. रेशनच्या दुकानात, मतदानाच्या रांगेत कुणी विचारलं की माझ्याकडे बघायची, मी सांगायची. मारुतीच्या देवळालाही ती 'वेशीतला देव' म्हणायची. बाबा गेल्यावरही. रीत चांगली होती असं मी म्हणत नाही. पण ती मोडायची तर मायनं ठरवून मोडायला हवी होती. आजारानं हिसकून नव्हे.

"अनपढ़ है, इसलिए बाकी गलत. बीमारी-वीमारी नहीं. ले जाओ."

मी उठले नाही. हातही जोडले नाहीत.

"सर, जिस पर आपने शाबास कहा, वही बीमारी है."

"डॉक्टर तू है क्या?"

"आपने स्कूल का पूछा. ये स्कूल गई ही नहीं. इसके काम का पूछो. क्या आता था, क्या छूट गया. तब उठूँगी."

कंपाउंडर दार उघडून उभा. बाहेर रांग कुरकुरत होती. मी मायचा हात धरून बसून राहिले.

शाळा-कॉलेजात मला शिकवणाऱ्यांचे उपकार मी विसरलेली नाही. पण मायकडे काहीच नव्हतं म्हणणाऱ्यापुढे मान डोलवण्यासाठी मी बी.ए. झाले नव्हते. हा नाही तर दुसरा डॉक्टर. तोवर मायच्या ताटाला दादाचा हात लागू देणार नाही. आणि "जी सर" त्या खोलीतच संपलं.