सगळ्यांच्या फोनवर माझं नाव

"काकू, तुमचा नवरा तं जित्ता हाय म्हणते!" किराणा दुकानासमोर शेजारची सून मोठ्यानं बोलली. हातात फोन. चार बाया वाकून पाहत होत्या. त्यातली एक हसली. "मंग दरसाल आखाजीले पान कोनाले वाढता वं काकू?"

साखर तिथेच सोडून मी घरी आले.

फोनवर निराधार बायांच्या पेन्शनची यादी होती. वॉर्ड ऑफिसनं नेटवर सगळ्यांसाठी टाकलेली. नाव, पत्ता, फोन नंबर, आधार नंबर. शेवटी कारण : पतीने सोडलेली.

खरं आहे. मुलगा दोन वर्षांचा असताना नवरा दुसरी बाई करून खापरखेड्याला गेला. टाकलेल्या बाईला कोणी खोली देईना. मी कुंकू पुसलं, बांगड्या काढल्या, विधवा म्हणून खोली मागितली. मिळाली. मग खोटं निभवावं लागलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांचं पान वाढायचे. मुलगा बापाच्या नावानं पाणी सोडायचा. जिवंत माणसाच्या नावानं. पेन्शनच्या फॉर्मवर तेवढं खरं लिहिलं. वॉर्ड ऑफिसातले साहेब म्हणाले होते, हे ऑफिसातच राहील.

मुलानं एकच विचारलं. "काहून खोटं सांगतलं मले?"

पाच दिवस दार लावून बसले. फोन मात्र यायचे. अनोळखी माणूस माझा आधार नंबर मलाच वाचून दाखवायचा आणि ओटीपी मागायचा. म्हणायचा, "आजी, एकट्याच राहता ना?"

सहाव्या दिवशी ऑफिसात गेले. साहेबांनी वर पाहिलं नाही. "यादी पब्लिक असते, आजी. सरकारचं घेता, मग लाज कशाची?"

मुलाशी खोटं बोलले, ती लाज माझी. आजही आहे. पण माझं घर चव्हाट्यावर यानं मांडलं, आणि खाली मान घालून मी उभी. डोकं फिरलं.

"तुमच्या घरातलं लावा ना साहेब या भिंतीवर. नाव, नंबर, बायकोसंगचं भांडन. मंग मी गप बसीन."

"अर्ज द्या. लिहिता येते का?"

चौथी शिकले मी. तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला, यादी काढून टाका म्हणून. वाकडा, पण माझ्या हातानं. शिक्का घेऊनच उठले.

यादी अजून कोणी काढून टाकलेली नाही. मुलगा अजून बोलत नाही. यादीत माझ्या नावाखाली वस्तीतल्या आणखी बाया आहेत. त्यांच्या दारी जाते, अर्ज लिहून देते. दर सोमवारी ऑफिसात उभी राहते. यादी काढून टाकेपर्यंत राहीन.

वय एकाहत्तर. धुणीभांडी करून मुलगा वाढवला. आता हे कामही माझ्यावर आलं.