सहा घागरींची खुर्ची

शिवाजीनगरच्या स्टँडवरून नगरची पहिली गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर तक्त्यांचा जाडजूड गठ्ठा होता आणि मनात त्याहून जाड अभिमान होता. साल त्र्याहत्तर, महिना मार्च. पायानं अधू झालेल्या माणसांसाठी आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही हातानं चालवायची तीनचाकी खुर्ची तयार केली होती. मागं दोन चाकं, पुढं एक, आणि छातीसमोर फिरवायचा दांडा. वर्षापूर्वी अशा काही खुर्च्या नगर जिल्ह्यात दिल्या होत्या. त्यांचं पुढं काय झालं, हे गावोगाव जाऊन पाहायचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि खुर्चीचं चित्र माझ्याच हातचं असल्यामुळे मी ते आनंदानं घेतलं होतं.

तक्ता चार पानांचा होता, कारण तो चार शहाण्या माणसांनी मिळून केला होता. पहिलं पान डॉक्टरांचं, दुसरं समाजशास्त्राच्या बाईंचं, तिसरं शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांचं आणि चौथं माझं. माझ्या पानावर मुख्य प्रश्न दोन. बसण्याखेरीज इतर वापर होतो काय? खुर्चीत फेरफार केला आहे काय? दोन्हींना 'होय' आलं तर खुर्ची परत आणायची आणि यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायची. हे कलम मी तासभर भांडून घालून घेतलं होतं. खुर्चीचा आस, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा, मी एका माणसाच्या वजनाचा हिशोब धरून काढला होता. त्यावर कोणी गवताचा भारा किंवा पाहुणा लादला तर तो मोडणार, आणि बोल मला लागणार. पहिल्या खेपेला ज्या दोन घरी जायचं होतं त्यांना मी आधीच कार्डं टाकली होती, आणि त्यात हे कलमही कळवून टाकलं होतं. माणसानं आधी सांगितलेलं बरं, असं माझं मत.

नगरला उतरून स्टँडवरचा गुळमट चहा घेतला आणि राहुरीची गाडी धरली. दुष्काळाचं वर्ष असूनही मुळेच्या कालव्याच्या कडेकडेनं ऊस उभा होता. पुण्यात वर्तमानपत्रांतून वाचलं होतं त्याच्याशी हे काही जुळत नव्हतं, त्यामुळे मी जरा निर्धास्त झालो. राहुरीजवळच्या मळ्यात अप्पा नावाचे एक म्हातारे शेतकरी होते. त्यांचे दोन्ही पाय ट्रॅक्टरखाली सापडले होते. घरच्यांनी माझं असं स्वागत केलं की मी जावई आहे की काय असं वाटावं. ज्वारीची भाकरी, मेथीची परतलेली भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर ताक.

खुर्ची मधल्या खोलीत होती. वर प्लॅस्टिकचा कागद, दांड्याला हळदकुंकू, चाकाला वाळलेल्या झेंडूची माळ. रंगाचा टवकाही उडालेला नव्हता.

"लई झकास चीज हाय," अप्पा खाटेवरून म्हणाले. "दसऱ्याला पुजली. पोरं कुनाला हात लावू देत न्हाईत."

"आणि तुम्ही?"

"मला कुटं जायचंय? समदं खाटंवर मिळतंय."

मी चौथ्या पानावर 'स्थिती: उत्तम' असं लिहिलं आणि त्याखाली रेघही मारली. गावाकडची माणसं वस्तूला किती जपतात, असा एक विचारही वहीत टिपून ठेवला. आज ती वही उघडताना मी तेवढं पान घाईनं उलटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरहून कर्जतची गाडी. जसजसं दक्षिणेला जावं तसतसा हिरवा रंग कमी होत गेला आणि मिरजगावच्या पुढं तो संपलाच. शेतं नांगरून तशीच पडलेली, बांधावरच्या बाभळींचा पाला शेळ्यांसाठी ओरबाडून नेलेला. रस्त्याच्या कडेला मैलमैल माणसं खडी फोडत बसली होती, बायका जास्त. गाडी गेली की धुरळा त्यांच्यावर बसे आणि त्या पदरानं तोंड पुसून पुन्हा हातोडी उचलत. मी खिडकी लावून घेतली. माझ्या शेजारचा धोतरवाला माझ्याकडे पाहून नुसता हसला.

कर्जतहून पुढं पाचएक मैल चालायचं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. खुर्ची ज्यांच्याकडे होती ते हरिभाऊ सुतार. घराचं आढं चढवताना वरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. तक्त्यात त्यांची माहिती दोन ओळींत संपत होती.

वेशीत तीन माणसं बसली होती. मी विचारलं, "हरिभाऊ सुतारांचं घर कुठं?"

"हरिभाऊ? कोन्चा हरिभाऊ?" एकानं डोकं खाजवलं. "खालच्या आळीला बगा."

खालच्या आळीतल्या म्हातारीनं मला वरच्या आळीला धाडलं. वरच्या आळीनं मारुतीच्या देवळाकडे. देवळातल्या बुवांनी पुन्हा वेशीकडे बोट दाखवलं. बाराच्या उन्हात मी त्या गावाला दोन प्रदक्षिणा घातल्या. एवढ्याशा गावात एकुलता एक सुतार कोणाला माहीत नाही, याचा मला संताप आला. खेडवळ गोंधळ म्हणून मी तो पोटात घातला. त्यात गोंधळ काही नव्हता, हे मला तासाभरानं कळलं.

शेवटी दारात रंधा टांगलेला दिसला म्हणून घर सापडलं. हरिभाऊ ओट्यावर, खुर्चीतच बसले होते. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, धुतलेला सदरा, डोक्याला फेटा. फोटो काढायला बसावं तसे ताठ. खुर्ची घासूनपुसून लख्ख. त्यांची बायको गोदाबाई दाराशी उभी होती. त्या खडीच्या कामावर जात, पण आज साहेब येणार म्हणून घरी राहिल्या होत्या.

मी मटकन बसलो आणि आधी पाणी मागितलं. गोदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, आत गेल्या, आणि बऱ्याच वेळानं काठोकाठ भरलेला पितळी तांब्या घेऊन आल्या. मी अर्धा घटाघटा प्यालो. मग ओट्याच्या कडेला जाऊन चूळ भरली, तोंडावर दोन हबके मारले, रुमाल भिजवून मानेवर ठेवला आणि उरलेलं पाणी धुळीनं भरलेल्या पायांवर ओतलं. काय सुख वाटलं म्हणून सांगू! वळून पाहिलं तर गोदाबाई ओल्या झालेल्या मातीकडे पाहत होत्या. लाजल्या असतील, असं मला वाटलं.

तक्ता उघडला. "दिवसातून किती वेळ वापरता?"

"बसतो की. सकाळ-संध्याकाळ."

"कुठं कुठं जाता?"

"देवळापतोर."

उत्तरं पाठ केल्यासारखी येत होती. मी खुर्चीभोवती फिरलो. पुढची पाय ठेवायची पट्टी नव्हती. "मोडली," हरिभाऊ म्हणाले. मागच्या सांगाड्याला चार भोकं पाडलेली होती, त्यांच्या कडा रोज काहीतरी बसवल्या-काढल्यासारख्या चकाकत होत्या. चाकांच्या रबरावर जुन्या टायरची दुसरी पट्टी शिवलेली. माझं रक्त तापलं. माझ्या खुर्चीला भोकं! मी खिशातून पेन काढलं आणि फेरफाराच्या प्रश्नासमोर 'होय' लिहिलं. हरिभाऊंनी ते पाहिलं.

तेवढ्यात शेजारच्या काशीबाई, सत्तरीच्या पुढच्या, कमरेत वाकलेल्या, रिकामी घागर घेऊन आल्या. त्यांना नीट दिसत नसावं, कारण मी तिथं आहे याची त्यांना कल्पनाच नव्हती.

"हरी, आरं टँकर आला अन् गेला बी! तू का रं आला न्हाईस? आळीच्या समद्या बाया खडीवर. माज्या घरात थेंब न्हाई. तुज्याकडं हाय का वाईच?"

"न्हाई मावशे," हरिभाऊ हळूच म्हणाले. "हुतं तेवढं संपलं."

मी पायांकडे पाहिलं. अजून ओलेच होते.

काशीबाई रिकामी घागर घेऊन परत गेल्या. मग हरिभाऊंनी बायकोला खूण केली. गोदाबाईंनी परसातल्या कडब्याच्या पेंढ्या बाजूला केल्या आणि खालून एक बाभळीची चौकट ओढून आणली. चौकटीला सहा गोल खाचा होत्या, प्रत्येकीला आतून सुतळी गुंडाळलेली, घागरीला पोचा पडू नये म्हणून. चौकटीचे चार खिळे त्या चार भोकांत खट्‌दिशी बसले. खुर्चीला मागून शेपूट फुटावं तशी ती दिसायला लागली.

"मला लपवाछपवी जमत न्हाई साहेब," हरिभाऊ म्हणाले. "पर तुमचं कार्ड आलं अन् समदी आळी म्हनली, आजचा दिस पानी सोड, साहेबाला आमी गावभर फिरवतो. खुर्ची गेली तर मग काय? मावशीला तेवढं सांगायचं ऱ्हायलं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. टँकर भर दुपारी यायचा, आणि त्या वेळी गावातली धडधाकट माणसं खडीवर असायची. पाण्यासाठी घरी थांबावं तर खाडा, आणि खाडा धरला तर मुकादम हजेरीतून नाव काढायचा. गावात दुपारी उरायचे म्हातारे आणि हरिभाऊ. त्यांनी बसल्या बसल्या चौकट केली आणि रांगेत खुर्ची उभी करायला लागले. आळीतल्या आठ घरांचं पाणी सहा-सहा घागरींनी रोज तेच आणत होते.

"आदी ही माज्यासाठी पानी आनायची. मला उचलायची, धुवायची. मी आढ्याकडं बगत पडून. तवा मला जीव नको झाल्ता." गोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. हरिभाऊ पुढं म्हणाले, "तुमचा कायदा हाय, तुमी खुर्ची न्या. पर पाऊस पडंपतोर ऱ्हाऊ द्या. मग मी सोता आनून देतो."

मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. कलम माझं, कार्ड माझं, आणि आठ घरांचं त्या दिवसाचं पाणी बुडालं तेही माझ्यामुळे. घरात उरलेलं शेवटचं मी पायांवर ओतलं होतं.

"दुसरीकडे कुठं पाणी आहे?" मी विचारलं.

मैलभरावर एका मळ्यातल्या विहिरीच्या तळाशी थोडं होतं. आम्ही निघालो. हरिभाऊ दांडा फिरवत होते, गोदाबाई दोर घेऊन पुढं, आणि मागून मी ढकलत होतो. वेशीतली ती तीन माणसं उठून उभी राहिली. ज्यानं डोकं खाजवलं होतं त्यानं चढावर खुर्चीला हात दिला. विहीर चांगलीच खोल गेली होती. घागर वर यायची ती अर्धी गढूळ. सहा भरायला तास लागला.

येताना मी मागून आसाकडे पाहत चाललो. तो दर खड्ड्याला वाकत होता. "हरिभाऊ, हा आस मोडणार," मी म्हणालो. "चार महिने टिकला तर नशीब."

"मोडंल तवा बगू. मोडलेलं नीट करायचं ह्योच माजा धंदा." ते हसले. दिवसभरात पहिल्यांदा.

परत आल्यावर तक्ता पुरा केला. तिसऱ्या पानावर प्रश्न होता, साधन वापरण्याचे शिक्षण कोणाकडून मिळाले? हरिभाऊंनी विचार करून सांगितलं, "टँकरवाल्याकडनं. त्यो थांबत न्हाई." मी तसंच लिहिलं. माझ्या पानावर फेरफाराला 'होय' होतंच, आता इतर वापरालाही 'होय' लिहिलं, कारण खोटं लिहिणं मला जमलं नसतं आणि त्यांनाही आवडलं नसतं. निकाल पुण्याला चौघांनी मिळून लावायचा होता, तेही सांगून टाकलं. मग हरिभाऊंनी सुतळीला गाठी मारून घागरीच्या बुडाचं माप मला दिलं. "पुढच्या खुर्चीला लागलं तर असू द्या," म्हणाले.

मिलोची (परदेशातून आलेली तांबडी ज्वारी) भाकरी आणि लसणाचं तिखट खाऊन मी निघालो तेव्हा गोदाबाई पुन्हा भरलेला तांब्या घेऊन आल्या. मी नको नको म्हणालो.

"पान्याला न्हाई म्हनू नगा, भाऊ," त्या म्हणाल्या. दुपारी मी साहेब होतो.

उभ्या उभ्या सगळा तांब्या प्यालो. एक थेंब खाली पडू दिला नाही.

पुण्यात आमची बैठक झाली. ते कलम काढून टाका, असं मी म्हणताच डॉक्टर म्हणाले, "भांडून घातलंत, आता भांडून काढताय?" समाजशास्त्राच्या बाईंनी विचारलं, तिथं असं झालं तरी काय? तिथं मी पाय धुतले, असं सांगून मी सगळी हकिकत सांगितली. कलम गेलं, खुर्ची हरिभाऊंकडेच राहिली, तसं कार्ड मी त्याच दुपारी टाकलं. राहुरीच्या तक्त्यावरच्या 'उत्तम'पुढं मी आणखी तीन शब्द लिहिले: 'माणूस मात्र खाटेवर.' अप्पांसाठी काय करता येईल, यावर त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा बोललो.

मृगाच्या आधी कॉलेजच्या पत्त्यावर एसटीचं पार्सल आलं. गोणपाटात गुंडाळलेला, मधोमध मोडलेला माझा आस. सोबत कोणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड. 'तुमी म्हनला तसा आस मोडला. लोहाराकडून बैलगाडीचा बसवून घेतला. पानी एक दिस चुकलं न्हाई. वस्तू तुमची हाय म्हनून पाठवली.'

तो आस आजही माझ्या टेबलावर असतो, सुतळीच्या गाठी त्याला बांधलेल्या. नवीन मुलं विचारतात, सर, यात गणित कुठं चुकलं? मी त्यांना वजनाचे आकडे मांडायला लावतो. गणित बरोबरच येतं. ते एका माणसाचं होतं, आणि हरिभाऊ त्या खुर्चीत एकटे कधी बसलेच नव्हते.