केळ्यांखालचे पिस्टन

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ बोलायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. फक्त एक करा — मध्येच ‘जाऊ द्या हो, माणसाकडून होतं’ असं म्हणू नका. त्या वाक्याची मला किळस आहे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला धुळ्यात माझं गॅरेज होतं. आमच्याकडे तेव्हा इंजिन बनवणं म्हणजे काय होतं? तर ते खोलायचं, आणि अर्धे पार्ट पिशवीत घालून लेथवाल्याकडे पळायचं. हे घास, ते काप, त्यात बुश मार. सगळे मिस्त्री लेथवाल्याच्या जिवावर जगणारे, आणि वर दुकानाला पाटी ‘स्पेशालिस्ट’! कशाचे स्पेशालिस्ट? ग्रीस फासण्याचे? मला त्या सगळ्यांचा तिटकारा होता आणि तो मी लपवतही नव्हतो. चहाच्या टपरीवर त्यांच्या तोंडावर म्हणायचो, लेथवर जाऊन आलेलं इंजिन म्हणजे उष्टं इंजिन. ते हसायचे. माझ्याशी वाकडं घ्यायची एकाचीही हिंमत नव्हती.

का नव्हती? कारण माझी इंजिनं पळत होती. एकाच कारखान्यातून दोन गाड्या निघायच्या, एक घरगुती कार आणि एक मालाची व्हॅन. दोन्हींच्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे बाहेरचा सांगाडा, एकच. पण व्हॅनचा क्रँक दमदार — पिस्टनला जास्त लांब वर-खाली पळवणारा. तो कारच्या ब्लॉकमध्ये अलगद बसतो हे मी शोधून काढलं. वर व्हॅनचाच कार्ब्युरेटर चढवला. मग तीच मरतुकडी कार माणसं कोंबून कोंडाईबारीचा घाट न कुरकुरता चढायला लागली. पिंपळनेरपासून गाड्या माझ्याकडे यायच्या. त्या गाडीवाल्यांना इंजिनातलं शष्प कळत नव्हतं, पण बॉनेट उघडून माना मात्र अशा डोलवायचे! मी छाती पुढे काढून सांगायचो, “लेथ नै, कानस नै. बठ्ठा पार्ट कंपनीना शेतस!” म्हणजे सगळा माल थेट कंपनीचा.

आता सांगतो. ते खोटं होतं.

क्रँक बसायचा, त्यात खोटं नाही. पण त्याच्यामुळे पिस्टन केसभर जास्त वर यायचा. इंजिन थंड असताना हातानं फिरवून पाहिलं तर कुठे अडायचं नाही. तापलं, ताण आला, की पिस्टनचा माथा वरच्या हेडला टेकायचा. माझ्या पहिल्याच इंजिनात हा टेकण्याचा आवाज मी ऐकला होता, वेळेवर ऐकला म्हणून वाचलो. उपाय साधा होता. पिस्टनचा माथा थोडासा छिलून घ्यायचा. म्हणजे काय करायचं? म्हणजे लेथवर जायचं — मी! धुळ्यात कुठल्या तोंडानं गेलो असतो?

म्हणून मी जळगावला जायचो. एसटीनं, हातात कापडी पिशवी. तिथे सलीमभाई म्हणून एक लेथवाले होते. पिस्टन त्यांच्यासमोर ठेवताना मी दुकानाचं दार अर्धवट लोटून घ्यायचो. एकदा ते म्हणाले, “छुपाते क्यूं हो? पिस्टन है, चोरी का माल थोडी है!” मी खोटं खोटं हसलो. येताना पिस्टन पिशवीच्या तळाशी ठेवायचो आणि वर केळी रचायचो. धुळ्याच्या स्टँडवर कुणी भेटलंच तर त्याच्या हातावर दोन केळी ठेवायचो. आळीतल्या लोकांना वाटायचं, केवढा दिलदार माणूस! खायचे आणि माझे गोडवे गायचे, मूर्ख.

इथपर्यंत काय, नुसती फुशारकी होती. एवढ्यासाठी मी तुम्हाला थांबवून धरलं नसतं.

मुरलीधर पारोळ्याचा. आम्ही एकाच उस्तादाकडे शिकलो, तो माझ्या मागून आला म्हणून मला भाऊ म्हणायचा. पारोळ्यात त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. टपरीवरच्या त्या सगळ्या गोतावळ्यात मला ज्याचा कधी तिटकारा आला नाही असा तो एकटा. हेही सांगून टाकतो — त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. बोल्ट किती आवळायचा ते त्याला मनगटात कळायचं. त्याला एका व्यापाऱ्याच्या कारचं काम मिळालं आणि तो सरळ माझ्याकडे आला. मी त्याला सगळं सांगितलं. कुठला क्रँक, कुठला कार्ब्युरेटर, काय कशाला लागतं. सांगताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं. शेवटी त्यानं नेमकं तेच विचारलं.

“भाऊ, पिस्टनले काही करनं पडस का?”

“काहीच नै,” मी म्हणालो. “जसाना तसा टाक.”

विसरलो नव्हतो हो. घाईतही नव्हतो. खरं बोललो असतो तर ‘लेथ’ हा शब्द तोंडातून निघाला असता, आणि तो मला काढायचा नव्हता. इंजिनाचं काय होणार हे मला माहीत होतं. फक्त कधी, तेवढं माहीत नव्हतं.

व्यापाऱ्याच्या घरच्या लग्नात, नवरीला घेऊन निघाली असतानाच ती कार भर रस्त्यात फुटली. पिस्टनचे तुकडे झाले, रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, नवरीच्या वरातीसमोर रस्ताभर तेल. कुणाला लागलं नाही. पण अख्ख्या पारोळ्यानं पाहिलं. मुरलीच्या गॅरेजात उभ्या असलेल्या गाड्या लोकांनी दोन दिवसांत ढकलत ढकलत बाहेर नेल्या.

तो धुळ्याला आला तेव्हा टपरीवर सगळे मिस्त्री जमलेले होते. त्यानं रुमाल सोडला. आत फुटका पिस्टन होता आणि त्याच्या माथ्यावर टेकल्याची चकचकीत खूण. एका नजरेत मला दिसली. त्या ढ गोळ्यांपैकी कुणाला दिसली नाही.

“भाऊ, मनं काय चुकनं?” त्यानं विचारलं.

मला एकट्यात सांगता आलं असतं ना? बाजूला नेऊन, कानात? मी चहाचा घोट घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “तुना हात चुकना.”

सगळे खदाखदा हसले. मीही हसलो. मुरलीनं रुमालाला परत गाठ मारली आणि निघून गेला. त्यानंतर त्यानं गॅरेज बंद केलं.

काही वर्षांनी कामानिमित्त नरडाण्याला गेलो होतो. तिथल्या एका कारखान्याच्या फाटकाबाहेर मुरली बंद पडलेली मोपेड धरून उभा होता. आत तो पोती उचलायचा. मला बघून त्याला मनापासून आनंद झाला, भाऊ भाऊ करत हात धरला. इथे का उभा, विचारलं तर म्हणाला, मिस्त्रीची वाट बघतोय. मिस्त्रीची! साधा प्लग काळा झाला होता, शाळेतल्या पोरानंही पुसला असता. मी म्हटलं, तू का नाही बघत?

“नै भाऊ. मना हात लागना का बिघडी जास.” अगदी सहज म्हणाला. हसत. रागबिग काही नाही, आपलं नाव-गाव सांगावं तसं. मी त्या दिवशी टपरीवर जे बोललो, ते तो खरं धरून जगत होता.

रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. मी खाली बसलो, प्लग काढला, पुसला, लावला. मोपेड सुरू झाली.

“तुना हात म्हनजे हात शे, भाऊ,” मुरली म्हणाला, आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

मी पाय मागे घेतले नाहीत.